नवमीची सुरी

खिमच्या मोबाइलवर ती सुरी दिसली तेव्हा तिनेच कापलेला खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात होता.

इब्राला एका घराचं स्वयंपाकघर बसवायला आम्ही दोघं गेलो होतो. दुपारची सुट्टी होती. ओट्यावर अजून ग्रॅनाइट चढलं नव्हतं, म्हणून कपाटांच्या रिकाम्या खोक्यांवर जेवायला बसलो. शुक्रवारच्या कीर्तनातला प्रसाद मी डब्यातून आणला होता. खाता खाता मी त्याला विचारलं, तुझा भाऊ सुरीला पाणी कसं देतो? मग त्याने हौसेने व्हिडिओ लावला. त्याचा भाऊ भट्टीपुढे उकिडवा बसलेला, एका हातात लालभडक पातं आणि दुसऱ्या हातात चहाची किटली. किटलीची धार तो फक्त पात्याच्या धारेवर सोडत होता. धार कडक, पाठ मऊ. म्हणून ती वाकत नाही आणि तुटतही नाही, असं खिम सांगत होता. तेवढ्यात त्याचं बोट सरकलं आणि पुढचा व्हिडिओ सुरू झाला.

अंगणात हत्यारं मांडून ठेवली होती. ऐरण, हातोडे, सांडशी, विळे, एक मोटरसायकलसुद्धा. सगळ्यांवर लाल. रांगेच्या टोकाला माझी सुरी. लाकडी मूठ, मुठीला पितळेची दोन वळी, ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं. आणि तिच्या पलीकडे बोकडाचं शिर.

मी म्हटलं, कुंकू आहे ना ते?

"नहीं दाजू. बली का खून. दशहरे की नवमी थी ना." त्याचा चेहरा फुलला होता. "आपकी छुरी को सबसे पहले लगाया."

दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. चार वर्षं तो मला तेच म्हणत होता. तोंडातला घास मला गिळवेना आणि त्याच्यासमोर थुंकवेना. दाढ ठणकतेय असं काहीतरी बोलून मी बाहेरच्या नळावर गेलो आणि किती वेळा चूळ भरली ते माझं मला ठाऊक.

हे नीट सांगायचं तर आधी सुरीचं सांगितलं पाहिजे.

मी जनार्दन. मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. इकडे आखातात, अझैबाला स्वयंपाकघराची कपाटं बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळतो, माणसं कमी पडली की फिटिंगलाही जातो. गळ्यात माळ घालून बारा वर्षं झाली. कीर्तनाचं वेड मात्र त्याहून फार जुनं. लहानपणी तीन मैलांवरच्या देवळात उत्सव असला की मी जेवण टाकून जायचो. बुवांनी पूर्वरंगात काय सांगितलं ते कळायचं नाही, पण आख्यान लागलं आणि झांज वाजली की डोळे भरून यायचे. ते अजूनही येतात. अझैबाला महिन्यातून एका शुक्रवारी धनंजय पाध्यांच्या फ्लॅटवर कीर्तन असतं. यशश्रीताई उभ्या राहतात. आठवडाभर शाळेत गणित शिकवणारी ही बाई चिपळ्या हातात घेतल्यावर वेगळीच कोणी होते. प्रसादाचं सगळं माझ्याकडे, आणि त्या कामाला मी कुणाला हात लावू देत नाही.

आमच्याकडे शेतावर जाणाऱ्या माणसाच्या कमरेला आकडी असते. लाकडाची, दोरीने बांधलेली, आणि तिच्यात अडकवलेली कोयती. माझ्या वडिलांची कंबर मला आकडीशिवाय आठवतच नाही. इकडे आल्यावर माझ्या कमरेला आधी किल्ल्या आल्या, मग मोबाइल. ज्याची कंबर एकदा हत्याराला सरावली त्याला असलं ओझं ओझं वाटत नाही, आणि रिकामी कंबर मात्र जड होते. हे मला कळलं ते खिमला पाहिल्यावर.

तो फिटर. त्याच्या कमरेला इवलीशी खुकुरी. पातं फार तर चार बोटं, मधे वाकलेलं, म्हणजे वजन सगळं पुढे. हात नुसता खाली सोडला तरी कापलं जातं. टोकाने खोक्याची टेप उघडते, पोटाने कांदा चिरला जातो, मुठीजवळच्या सरळ भागाने आंब्याची साल निघते, जाड पाठीने बिजागरी ठोकून बसवता येते. मुठीपाशी एक छोटी खाच असते. रस तिथून गळून पडतो, हाताला लागत नाही. आमच्या स्टोअरमधल्या कटरची पाती दिवसाला दोन तुटायची. खिमची खुकुरी सकाळी खोकी फोडायची, दुपारी काकडी कापायची आणि संध्याकाळी पेन्सिलीला टोक करायची.

आमच्या अर्बाबांनीही, म्हणजे मालकांनीही, ती एकदा हातात घेतली होती. ईदचा दिवस, त्यांच्या पोटावर चांदीचा खंजर. दोन्ही शेजारी धरून ते हसले आणि म्हणाले, माझा खंजर आजोबांचा आहे, त्याला मान फार, पण त्याने आजवर एक खजूरही कापलेला नाही. ही तुमची पोरगी दिवसभर राबते.

मी खिमच्या मागेच लागलो. गेल्या दसऱ्याला तो गावी गेला आणि माझ्यासाठी सुरी घेऊन आला. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद, भावाने स्वतः ठोकलेलं. ती हातात देताना त्याने जे सांगितलं ते ऐकून मी गहिवरलो होतो. मुठीला एरवी म्हशीचं शिंग लावतात आणि म्यान चामड्याचं असतं. माझ्यासाठी मूठ शिसवीची केली होती, आणि म्यान लाकडाचं, वरून सुती कापड. "भाई को बोला, दाजू माला पहनता है." मी ती सुरी कपाळाला लावली होती.

तेव्हापासून ती माझ्या खिशात. आणि कीर्तनाच्या दिवशी प्रसादाच्या ताटात. नारळाचं खोबरं तिने असं सुटायचं की मोगऱ्याच्या पाकळ्या. बायका विचारायच्या, जनाभाऊ, एवढं पातळ कसं कापता? धनंजय म्हणायचे, पुढच्या वेळी कीर्तनकाराच्या आधी हार सुरीला घाला.

पाच कीर्तनं झाली होती. पाच वेळा देवापुढे.

इब्राहून परतीला दोन तास लागले. खिशातली सुरी मांडीला लागत होती आणि दर वळणावर मला तो अंगणातला बोकड दिसत होता. ताईंनी हात पुढे करून घेतलेला प्रसाद आठवला. धनंजयच्या आई, ऐंशीच्या घरातल्या, चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या, त्यांनी तो तुकडा डोळ्यांना लावला होता. घरी आल्यावर मी बायकोला, मैनेला, गावी फोन लावला. ती सगळं ऐकून म्हणाली, धुवा आणि गप्प बसा, तुम्हाला कोणी विचारलंय का? मग तिलाच ते पटलं नसावं. म्हणाली, नाहीतर त्याला सरळ सांगा की बाबा, मला हे चालत नाही. माणसासारखा माणूस आहे, समजेल.

मी सुरीला मीठ लावलं, लिंबू चोळलं, हळदीच्या पाण्यात ठेवली. आरशासारखी लख्ख झाली. तरी हात पुढे जाईना. आणि सरळ सांगायचं म्हटलं तर जीभ उचलेना. ज्याच्या भावाने श्रद्धेने पहिला टिळा माझ्या सुरीला लावला, त्याला मी काय सांगू? तुमच्या पूजेची मला किळस आली म्हणून? ते मला अगदी कठोर वाटलं. म्हणून मैनेने सांगितलेले दोन्ही रस्ते सोडून मी तिसरा धरला.

सकाळच्या चहाला सुरी स्वच्छ पंच्यात गुंडाळून त्याच्यापुढे धरली. म्हटलं, खिम, ये मुझसे नहीं रखा जाएगा.

त्याने लगेच हात पुढे केला नाही. त्या कापडाकडे बघत राहिला.

"किसने बोला?"

कोणीच काही बोललं नाही, मी म्हटलं. तो अच्छा म्हणाला आणि गाठोडं तसंच उचलून हत्यारांच्या पेटीत टाकलं. मला वाटलं, चला, न दुखवता निभावलं.

त्या दिवसापासून तो माझ्याबरोबर जेवायला बसेना. एरवी माझ्या डब्यातलं कोकमाचं सार त्याने विचारल्याशिवाय ओतून घ्यायचं आणि मी त्याला मेल्या, माझ्यासाठी ठेव थोडं, म्हणायचं, असा आमचा रिवाज. आता तो गाडीच्या सावलीत एकटा बसायचा. दाजूचा जनार्दनजी झाला. भेट परत केली म्हणून रुसला, असं मी धरून चाललो. रुसणं बरोबरच होतं. दोन दिवसांनी जाईल म्हटलं.

चौथ्या दिवशी मी त्याला ग्लास धुताना पाहिलं.

स्टोअरमध्ये चहाचे सहा ग्लास आहेत, सगळे सारखे. धुऊन ट्रेमध्ये पालथे घालायचे, ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. खिमने आपला ग्लास धुतला आणि ट्रेपाशी न येता मागच्या खिडकीत, वेगळा, पालथा घातला. दुसऱ्या दिवशी तोच ग्लास खिडकीतून उचलला. थर्मासमधून चहा घेताना तो ग्लास लांब धरत होता, तोटीला काच लागू नये इतका.

हे मी पूर्वी पाहिलेलं होतं. आमच्या पडवीच्या वाशाला एक कपबशी अडकवलेली असायची. ठरावीक माणसं आली की ती स्वतःच कपबशी काढायची, चहा पिऊन झाल्यावर स्वतःच विसळायची आणि परत वाशाला अडकवून जायची. त्यांना कोणी काही सांगत नसे. सांगायची वेळच येत नसे. मी पाच-सहा वर्षांचा असेन, आणि मला वाटायचं की त्या लोकांना ती कपबशी फार आवडते.

मी खिडकीतला ग्लास उचलला आणि त्याला विचारलं, हे काय चाललंय तुझं?

स्टोअरमध्ये दुसरं कोणी नव्हतं. तरी त्याने एकदा दाराकडे पाहिलं.

"आपको मालूम पड गया ना. मेस में नया कुक आया है, मेरे जिले का. उसी ने बोला होगा."

"क्या बोला होगा?"

"की हम कामी हैं."

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्याच्या गेटपासवर खिम बी. के. असं नाव आहे. मी कधी विचारलंही नव्हतं, अशी दोन अक्षरं आपल्याकडेही असतात. बी. के. म्हणजे विश्वकर्मा. कामी म्हणजे लोहार. त्यांच्या गावात लोहाराचं लोखंड सगळ्या घरांत जातं, देवघरातसुद्धा जातं, लोहार मात्र उंबऱ्यापर्यंत. त्याच्या भावाने घडवलेली खुकुरी ज्यांच्या कमरेला, ते त्याच्या भावाच्या हातचं पाणी पीत नाहीत. इथे चार वर्षं कुणाला माहीत नव्हतं. मेसमध्ये एका परातीत सगळे हात घालायचे. तो कुक आल्यापासून दोन जण उठून दुसऱ्या टेबलावर बसायला लागले. आणि त्याच आठवड्यात मी सुरी आणून दिली. उघडी घेतली होती, परत देताना कापडात गुंडाळून. हात लागू नये अशी.

मी तिथल्याच एका खोक्यावर बसलो. सबंध आयुष्य कीर्तनं ऐकली. देवाने कुणाकुणाच्या घरी जाऊन जेवण केलं, कुणाकुणाची ढोरं ओढली, कुणाला उराशी धरलं, ते ऐकून रुमाल ओले केले. आणि मी एका माणसाला, दाजू म्हणणाऱ्या माणसाला, एका पंच्यात गुंडाळून पडवीच्या वाशाला टांगलं होतं.

मग मी खरं काय ते सांगितलं. बोकड, रक्त, माळ, प्रसाद, धनंजयची आई, सगळं. खिम ऐकत राहिला. आधी त्याला ते खोटं वाटलं, मी सावरून घेतोय असं. मग खरं वाटलं, आणि मग तो भडकला. चार वर्षांत मी त्याला भडकलेला पाहिला नव्हता.

"तो बोलते क्यों नहीं? मुँह नहीं है आपका?"

मला सांगितलं असतं तर भावाने पूजेत न ठेवलेली दुसरी सुरी पाठवली असती, तो म्हणाला. शिंग नको हे आम्हाला न सांगता कळलं, आणि तुम्हाला एक वाक्य बोलता येत नाही? थोडा शांत झाल्यावर त्याने विचारलं, तुमच्या गावात देवाला काहीच चढवत नाहीत का?

आता खोटं कसं बोलणार. आमच्याकडे राखणदाराला दर वर्षी कोंबडं असतं. वडील आकडीतली कोयती काढून ते द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्याच कोयतीने आई फणस फोडायची आणि आम्ही पोरं गऱ्यांवर तुटून पडायचो.

"फिर?" खिम म्हणाला.

माळ नंतरची आहे, मी म्हटलं. हे उत्तर मलाच इतकं लंगडं वाटलं की आम्ही दोघंही थोडं हसलो.

त्याने पेटी उघडली. गाठोडं जसंच्या तसं होतं. इतक्या दिवसांत त्याने गाठ सोडली नव्हती. ते त्याने माझ्या मांडीवर ठेवलं. मी पंचा बाजूला केला, सुरी उघड्या हातात घेतली आणि खिशात ठेवली. मग त्याचा तो खिडकीतला ग्लास ट्रेमध्ये घातला आणि सहाही ग्लास असे फिरवून टाकले की कुठला कुणाचा ते मलाही सांगता आलं नसतं.

पण प्रसाद माझ्या एकट्याचा नव्हता. मी यशश्रीताईंना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

"अंगावर काटा आला, जनाभाऊ," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. ती सुरी नैवेद्याला नको, मला नाही जमायचं. पण त्यांना रामनवमीला घेऊन या. नारळ त्यांच्या हातून फुटू दे. आणि झालेलं ते मी देवाला सांगेन, तुम्ही लोकांना सांगत बसू नका."

रामनवमी आम्ही पुढच्या शुक्रवारी केली. भर दुपारी, जन्माच्या वेळेला. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, ताटात सुंठवडा होता, आणि तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीने बसलेली. खिम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याला दाराजवळ बसायचं होतं. मी दंडाला धरून त्याला पुढे नेऊन बसवलं. ताईंचं आख्यान त्याला अर्धंमुर्धं कळलं असेल, पण ताल त्याच्या गुडघ्यावर बरोबर पडत होता. जन्म झाला, गुलाल उडाला, आणि ताईंनी सगळ्यांसमोर त्याच्या हातात नारळ दिला. त्याने गॅलरीच्या उंबऱ्यावर एका फटक्यात तो फोडला. दोन वाट्या, अगदी सारख्या.

घोटाळा पुढे झाला. खोबरं काढायला धनंजयनी घरातली सुरी आणली, ती पहिल्याच दाबाला वाकली. दुसरी आणली, ती नुसती घसरत होती. मुलं ओंजळी धरून उभी.

"जनाभाऊ, तुमची ती नेपाळी काढा की," धनंजय म्हणाले. "आज काय तिचा उपास आहे?"

सगळे हसले. माझा हात सवयीने खिशावर गेला होता आणि तिथेच थांबला. खिसा फुगलेला सगळ्यांना दिसत होता, घरी राहिली असं म्हणायची सोय नव्हती. कापावं, तर ताई चिपळ्या खाली ठेवून माझ्याकडेच बघत होत्या. आणि खरं सांगावं, तर पाळण्यापुढे, पहिल्यांदाच आत येऊन बसलेल्या त्या माणसाच्या देखत, त्याच्या घरच्या पूजेची अशी वासलात लावायची. धनंजयच्या आई हात पुढे करून माझी वाट बघत होत्या.

खिम उठला. माझ्यापाशी आला आणि हात पुढे केला. मी सुरी त्याच्या हातात दिली.

"दाजू की छुरी में अभी धार नहीं है," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मेरे भाई ने ठीक नहीं बनाया. मैं लगाके दूँगा."

सुरी त्याने आपल्या कमरेला खोचली. नारळाची वाटी पालथी धरून उंबऱ्यावर चार ठोके दिले, गोल फिरवत, मग चमच्याचा दांडा आत घालून दाबला. अख्खं खोबरं वाटीसारखं सुटून हातात आलं. ते त्याने हातानेच मोडलं. वेडेवाकडे, जाडजूड तुकडे, पाकळ्या कुठल्या. ताटात नीट रचले.

लोहाराच्या मुलाने, भरल्या घरात, आपल्या भावाच्या हातच्या धारेला नाव ठेवलं होतं. ती धार मी रोज पाहत होतो. मनगटावरचे केस तिने न दाबता निघायचे.

त्याने ताट माझ्यापुढे धरलं. मी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला आणि एक तुकडा उचलला.

खिमने ताट जरा मागे घेतलं.

"दाजू," तो हळूच म्हणाला, "पहले भगवान."

नैवेद्य दाखवायचा राहिला होता.